दोन थाऊंची फट

ठासणीच्या बंदुकीत गोळी तोंडाकडून आत जाते आणि तोंडाकडूनच बाहेर येते. सगळी अडचण या एका गोष्टीत आहे. आत जाताना ती सैल हवी, नाहीतर गज (गोळी ठासायची सळई) मारून मारून शिपाई दमेल. बाहेर येताना ती घट्ट हवी, नाहीतर नळीतले पीळ (आतल्या फिरत्या खाचा) तिला धरणार नाहीत आणि ती कुठेही जाईल. अमेरिकेच्या टोपीवर चालणाऱ्या लष्करी रायफलींचा जेमतेम पंचवीस वर्षांचा इतिहास या दोन परस्परविरोधी मागण्यांमधल्या तडजोडीचा आहे. आज त्याच बंदुका निशाणावर डागणारी माणसं ती तडजोड हळूहळू उलटी फिरवत असतात.

आधी टोपीबद्दल. चकमकीच्या बंदुकीत घोडा पडतो, ठिणगी उडते, बाहेरच्या कानातली रंजक पेटते आणि मग आतली दारू. मधल्या क्षणात पक्षी उडून जातो. अलेक्झांडर फोर्साइथ हा स्कॉटलंडमधला पाद्री शिकारीचा शौकीन होता. आघाताने पेटणारं फुल्मिनेट वापरून त्याने 1807 साली बंदुकीच्या नव्या पेटवणीचं पेटंट घेतलं. पुढे तेच रसायन तांब्याच्या इवल्याशा टोपीत बसलं. टोपी आपणच शोधली म्हणणारे बरेच निघाले. अमेरिकेत 1822 चं पेटंट जोशुआ शॉ या फिलाडेल्फियात स्थायिक झालेल्या इंग्रज चित्रकाराच्या नावावर आहे. लष्कराला मात्र पायदळाच्या नेहमीच्या हत्यारात टोपी आणायला आणखी वीस वर्षं लागली. थंडीने बधिर झालेल्या बोटांनी शिपाई एवढीशी टोपी बसवणार कशी, ही शंका अगदीच पोकळ नव्हती.

1841 ची रायफल आणि 1842 ची मस्केट या त्या पिढीच्या दोन थोरल्या बहिणी. 1842 ची मस्केट 0.69 इंच बोअरची (बोअर म्हणजे नळीचा आतला व्यास), आतून गुळगुळीत, 42 इंच नळीची. निशाणबाजीत तिचं फारसं कौतुक नाही. तिची खरी कर्तबगारी कारखान्यात दिसते. मॅसॅच्युसेट्समधलं स्प्रिंगफील्ड आणि तेव्हाच्या व्हर्जिनियातलं हार्पर्स फेरी, या दोन सरकारी कारखान्यांत बनलेल्या तिच्या सुट्या भागांची अदलाबदल करता येत असे. एका कारखान्याचा घोडा दुसऱ्याच्या बंदुकीवर कानस न लावता बसे. 1842 साली हे साधणं म्हणजे मोठीच मजल होती, कारण गेज, साचे आणि मिलिंगची यंत्रं यांचा अख्खा संसार त्यामागे उभा करावा लागला होता.

1841 ची रायफल त्याहून देखणी. 0.54 बोअर, 33 इंच नळी, सात खाचांचा पीळ, पितळी कड्या आणि दस्त्यात पितळी झाकणाचा कप्पा. मेक्सिकोच्या युद्धात जेफरसन डेव्हिसच्या मिसिसिपी पलटणीने फेब्रुवारी 1847 मध्ये ब्यूना व्हिस्टाला ती वापरली आणि नावच पडलं ‘मिसिसिपी रायफल’. तिच्यात गोल गोळी तुपट कापडाच्या चकतीत गुंडाळून ठासायची. कापड पीळ धरतं आणि गोळीला फिरवतं. नेम उत्तम, पण वेळ लागतो, आणि दहा-बारा बारांनंतर नळीत काजळी साचली की गज अडायला लागतो. रांगेत उभं राहून मिनिटाला तीन बार टाकणाऱ्या पायदळाला हे परवडणारं नव्हतं.

मार्ग फ्रान्समधून आला. क्लोद-एतिएन मिनिए याने लांबट, बुडाशी पोकळ गोळी केली आणि पोकळीत लोखंडी वाटी बसवली. बार उडाला की वाटी आत घुसते, मऊ शिशाचा घेर फुगतो आणि पिळात बसतो. सैल आत, घट्ट बाहेर. हार्पर्स फेरीच्या जेम्स बर्टन या कारागिराने पुढचं पाऊल टाकलं. त्याच्या लक्षात आलं की वाटी हवीच कशाला? पोकळीचा आकार आणि घेराची जाडी बरोबर ठेवली तर दारूचा वायूच घेर फुगवतो. एक सुटा भाग गेला, एक खर्च गेला, वाटी गोळीतून आरपार जाण्याचा धोकाही गेला. लोक आजही तिला मिनिएच्या नावानेच ओळखतात, पण अमेरिकेच्या यादवी युद्धात (1861 ते 1865, उत्तर विरुद्ध दक्षिण) दोन्ही बाजूंनी झाडलेल्या बहुतेक गोळ्या घडणीने बर्टनच्या होत्या.

1855 साली युद्धमंत्री असलेल्या जेफरसन डेव्हिसने 0.58 बोअरची नवी रायफल-मस्केट मंजूर केली. सहा वर्षांनी हाच गृहस्थ बंडखोर दक्षिणेचा अध्यक्ष झाला आणि याच घराण्यातल्या बंदुका त्याच्या सैन्यावर रोखल्या गेल्या. नळी 40 इंच. पीळ तीन रुंद खाचांचा, 72 इंचांत एक फेरा. खाचा तळाशी खोल आणि तोंडाकडे उथळ, म्हणजे गोळी बाहेर येता येता अधिकाधिक आवळली जाते. यंत्रकामाच्या दृष्टीने हा फार सुंदर विचार आहे.

त्याच 1855 च्या बंदुकीवर एक फसलेली हुशारीही होती. एडवर्ड मेनार्ड या वॉशिंग्टनच्या दंतवैद्याने टोप्यांऐवजी कागदी पट्टी काढली. दोन कागदांमध्ये फुल्मिनेटचे ठिपके, वर वार्निश, आणि घोडा मागे ओढला की पट्टी आपोआप एक घर पुढे. दिवाळीत पोरांच्या पिस्तुलात घालतात तो टिकल्यांचा रोल डोळ्यांपुढे आणा, झालं. कागद दमट हवेत ओला होई, पट्टी अडके, टिकली फुटलीच तर निपलवर (आतल्या दारूकडे ठिणगी नेणाऱ्या बारीक नळीवर) नीट बसलेली नसे. 1861 च्या नमुन्यातून ही भानगड काढून टाकली आणि साधी, कडांना पाकळ्या असलेली तांब्याची टोपी राहिली.

1861 ची स्प्रिंगफील्ड म्हणजे युद्धातली मुख्य बंदूक. एकूण लांबी 56 इंच, वजन साधारण नऊ पौंड, कंत्राटदारांना मिळणारा भाव नगाला वीस डॉलरच्या घरात. एप्रिल 1861 मध्ये हार्पर्स फेरीचा कारखाना माघार घेणाऱ्या उत्तरेच्या तुकडीने पेटवला. दक्षिणेने यंत्रं वाचवली आणि रिचमंड व फायेटव्हिलला हलवली. उत्तरेकडे सरकारी कारखाना उरला एकटा स्प्रिंगफील्डचा, म्हणून खासगी कंत्राटं निघाली. लॉकप्लेटवर (घोड्याच्या यंत्रणेच्या पट्टीवर) गरुड आणि ‘यू. एस.’ बहुतेकांवर आहे. नाव कोणाचं आहे ते वाचलं की बंदूक कुठली ते कळतं.

इथे आपल्याकडचा एक धागा जोडावाच लागतो. बर्टन 1855 मध्ये इंग्लंडला एनफील्डच्या सरकारी कारखान्यात मुख्य अभियंता म्हणून गेला आणि तिथे अमेरिकन यंत्रांवर रायफली बनू लागल्या. 1857 च्या सुरुवातीला दमदमच्या छावणीत ज्या काडतुसावरून ठिणगी पडली ते याच एनफील्ड रायफलीचं. ब्रिटिश काडतुसात गोळी कागदासकट नळीत जायची, म्हणून तो कागदच चरबीत बुडवलेला असे, आणि काडतूस तर दातांनी फाडायचं. अमेरिकन काडतूसही दातांनीच फाडत, पण त्यात चरबी गोळीच्या खाचांत असे. दारू ओतायची, गोळी कागदातून मोकळी करायची, कागद फेकून द्यायचा. काम तेच, पण चरबी कशाला लावली आहे हा फरक होता. चरबी कोणत्या जनावराची, हा प्रश्न मात्र अमेरिकेत कोणाला पडण्याचं कारण नव्हतं.

आता त्या फटीकडे येऊ. 0.58 इंच बोअरसाठी लष्कराची प्रमाण गोळी 0.5775 इंचाची होती. म्हणजे फट अडीच सहस्रांश इंच, वर्कशॉपच्या भाषेत अडीच थाऊ. ही कागदावरची गोष्ट. युद्ध पेटल्यावर उत्तरेने इंग्लंडकडून लाखो एनफील्ड घेतल्या, त्यांचा बोअर 0.577. एकच काडतूस दोन्हीकडे चालावं म्हणून गोळी 0.574 वर आणली. स्प्रिंगफील्डमध्ये आता सहा थाऊ मोकळे. पुरवठा अधिकाऱ्याच्या दृष्टीने निर्णय शंभर टक्के बरोबर होता, कारण लढाईच्या मध्यावर चुकीच्या मापाची पेटी आली तर पलटण निकामी होते. पण गोळी जितकी सैल, तितकी ती फुगण्याआधी तिरकी बसण्याची शक्यता जास्त. काजळी खरवडण्यासाठी जस्ताची चकती बुडाशी असलेली विल्यम्सची गोळी काढली गेली. दहा काडतुसांच्या पुडीत एक अशी ती सुरुवातीला घालत. शिपायांनी तिला मनापासून शिव्या दिल्या आणि शेवटी ती बंद झाली.

त्या काळच्या लढायांत बंदुका इतक्या कमी अंतरावरून का चालवल्या, यावर इतिहासकारांचा वाद आहे. माझं मत असं की दोष बंदुकीपेक्षा शिक्षणाचा. गोळीचा वेग सेकंदाला साधारण 950 ते 1000 फूट, म्हणजे तिचा मार्ग चांगलाच कमानदार. तीनशे यार्डांची साइट (नेम धरायची पट्टी) लावली तर मधल्या टप्प्यात गोळी उभ्या माणसाच्या डोक्यावरून जाते. अंतर पन्नास यार्डांनी चुकलं की नेम फुकट. अंतर ओळखायला शिकवल्याशिवाय असली रायफल हातात देणं म्हणजे अर्धीच बंदूक देणं, आणि बहुतेक रंगरुटांना निशाणाचा सराव जवळजवळ मिळालाच नव्हता.

आज अमेरिकेत या बंदुका डागण्याची मोठी परंपरा आहे. नॉर्थ-साउथ स्कर्मिश असोसिएशन ही संघटना 1950 पासून आहे. व्हर्जिनियात विंचेस्टरजवळ फोर्ट शेनांडोह हे तिचं मैदान. तिथे त्या काळचे गणवेश घालून संघ पन्नास आणि शंभर यार्डांवरच्या मातीच्या तबकड्या, कौलं, कुंड्या घड्याळ लावून फोडतात. अस्सल बंदुका चालतात, मान्यता मिळालेल्या इटालियन प्रतिकृतीही चालतात. आपल्याकडे ठासणीची बंदूकही शस्त्र परवान्याशिवाय ठेवता येत नाही, त्यामुळे भारतातल्या वाचकाने पुढचं फक्त समजून घ्यायचं.

पहिलं काम बोअर मोजण्याचं. नळीवर 0.58 असलं तरी अस्सल बंदुकीत तो 0.577 पासून 0.585 पर्यंत, कधी त्याहूनही मोठा निघतो. कॅलिपरवर विसंबू नका, तो तोंडाशी खाचेत घसरतो आणि खोटं माप देतो. अर्ध्या थाऊच्या फरकाचे पिन गेज (ठरावीक जाडीच्या सळया) मिळतात. तोंडातून अलगद जाणारा सर्वांत मोठा गेज तुमचा बोअर. गोळी त्यापेक्षा एक ते दोन थाऊ लहान. बस्स. नेमबाजीतली अर्धी सुधारणा इथेच होते, आणि लोक महिनोन्महिने दारू बदलत बसतात.

गोळी शुद्ध शिशाचीच. चाकांच्या वजनांचं किंवा छपाईच्या खिळ्यांचं शिसं कठीण असतं, त्यात अँटिमनी आणि कथील असतं. त्याचा घेर फुगत नाही, पीळ धरत नाही, आणि गोळी कोलांट्या खात कागदावर लांबट भोक पाडते. साचा तीन तुकड्यांचा, दोन पाखं आणि मधली पोकळी घडवणारी खुंटी. लायमन कंपनीचा 575213 हा जुन्या धाटणीचा साचा वर्षानुवर्षं चालत आलाय, त्यातून साधारण 500 ग्रेनची (ग्रेन हे वजनाचं लहान एकक) गोळी पडते. शुद्ध शिसं 400 अंश सेल्सियसच्या वर तापवावं लागतं. खुंटी थंड असेल तर घेराला सुरकुत्या पडतात, म्हणून पहिल्या पंधरा-वीस गोळ्या सरळ परत भांड्यात. प्रत्येक गोळीचं बूड उजेडात धरून बघायचं. नाकावर बारीक खळगा असला तर चालेल. घेराच्या कडेला तुटका भाग असेल तर ती गोळी कधीच सरळ जाणार नाही, कारण तोंडातून बाहेर पडताना वायू त्या बाजूने आधी निसटतो आणि गोळीला ढकलतो. मग वजन. पाच ग्रेनने हलकी भरली म्हणजे आत हवेची पोकळी आहे. हे सगळं उघड्या हवेत, आणि पाण्याचा थेंबही जवळ नको. वितळलेल्या शिशात पाणी पडलं तर वाफेचा स्फोट होऊन शिसं अंगावर उडतं.

मापात बसवायला गोळी साइझिंग डायमधून दाबून काढायची आणि मग मेण-चरबीचं वंगण खाचांत भरायचं. उन्हाळ्यात मेण वाढवा, नाहीतर वंगण वितळून दारूत उतरतं. खनिज तेलाचं ग्रीस नको. काळ्या दारूच्या उष्णतेत त्याचा डांबरासारखा थर होतो आणि दहाव्या बाराला गज अर्ध्यावर अडतो.

दारू काळीच, धूरविरहित दारूचा कणही नाही. ती या लोखंडी नळीत घालणं म्हणजे हात गमावणं. लष्कराचं माप 60 ग्रेन होतं. निशाणावर बहुतेक बंदुका 40 ते 50 ग्रेनला उत्तम चालतात. चाळीसपासून सुरुवात करून दोन-दोन ग्रेनने चढावं, प्रत्येक मापाला टेकूवरून पाच बार. एका टप्प्यावर भोकांचा घोळका आवळतो आणि पुढे पुन्हा पसरतो. पसरतो कारण पातळ घेर जास्त दाबाने घंटेसारखा बाहेर उलगडतो. साठ ग्रेनच हवे असतील तर जाड घेराचा साचा घ्या. पातळ घेराच्या गोळीकडून ते करून घेऊ नका.

भरण्याआधी बोअरमधलं तेल कापडाने पुसायचं, मग रिकाम्या बंदुकीवर दोन-तीन टोप्या फोडायच्या. शेवटची टोपी फोडताना नळीचं तोंड गवताच्या पात्याजवळ धरा. पातं हललं तर वाट मोकळी आहे. हललं नाही तर निपल किंवा त्यामागची वाट तेलाने बुजलेली आहे आणि आता भरलेली दारू पेटणार नाही. 1861 च्या बंदुकीत निपलच्या बैठकीला बाजूने सफाईचा एक स्क्रू आहे, तो याच कामाचा. 1863 च्या नमुन्यात तो काढून टाकला.

दारू नेहमी आधी मोजून भरलेल्या नळकांडीतून ओतायची, बरणीतून थेट कधीच नाही. आत एखादी ठिणगी धुमसत असेल तर नळकांडीभर दारू पेटेल, पण बरणी पेटली तर माणूस जाईल. गोळी अंगठ्याने तोंडात बसवा, गज दोन-तीन बोटांत धरा, तळहात गजावर कधी टेकवू नका. गोळी दारूवर टेकलीच पाहिजे. मध्ये हवा राहिली तर नळीला बाहेरून दिसेल असं कडं उठतं. मात्र ठोकायची नाही, ठोकलं की नाक चेपतं. गजावर दोन खुणा करून ठेवा, एक रिकाम्या नळीची आणि एक भरलेल्या. गेटिसबर्गनंतर रणांगणावरून गोळा केलेल्या बंदुकांत हजारो अशा निघाल्या की ज्यांत एकावर एक काडतुसं ठासलेली होती. गोंगाटात टोपी फुटली की बार उडाला, असंच शिपायाला वाटलं. गजाची खूण बघायला एक सेकंद लागतो.

टोपी अगदी शेवटी, नळी निशाणाकडे असताना. बार उडाला नाही तर निदान मिनिटभर नळी तशीच निशाणाकडे ठेवा. मग नवी टोपी. तरीही नाही, तर निपल काढून मागच्या वाटेत बारीक दारूचे थोडे कण सरकवायचे, निपल घट्ट बसवायचं आणि डागायचं. दारू न घालताच ठासलेली गोळीही याच युक्तीने बाहेर येते. फक्त आधी गजाने ती तळाशी टेकलेली आहे याची खात्री करा.

बार टाकताना घोडा उडून अर्ध्या खाचेवर (तो अर्धा मागे अडकतो त्या जागी) येऊन बसू लागला तर समजा, निपलचं भोक झिजून मोठं झालंय. तळाशी ते साधारण 0.03 इंच असावं. मोठं भोक म्हणजे मागे जाणारा वायू जास्त आणि प्रत्येक बाराला दाब वेगळा, भोकं वर-खाली पसरतात. निपल स्वस्त आहे, बदला. टोपीचे तुकडे उडतात, म्हणून चष्मा लावल्याशिवाय उभं राहू नये.

अस्सल बंदूक पन्नास यार्डांवर बहुधा वर मारते, कारण माशी (नळीच्या तोंडाकडची नेमाची खूण) बुटकी आहे आणि सर्वांत जवळची साइट शंभर यार्डांची. प्रतिकृतीवर उंच माशी बसवा. अस्सलवर कानस किंवा डाख लावू नका, निशाणाच्या खाली नेम धरायला शिका. एकशे साठ वर्षं टिकलेलं लोखंड पन्नास यार्डांच्या कौलासाठी बिघडवणं मला पटत नाही. काही संघांतले लोक हे वाचून हसतील, हसोत.

सफाई त्याच दिवशी. काळ्या दारूचा निम्म्याहून अधिक भाग जळून घन राख होतो, ती हवेतलं पाणी ओढते आणि रात्रीत लोखंड खाते. गरम पाणी, कापड, पुन्हा पाणी, कोरडं कापड, मग तेल. लॉक दरवेळी उतरवायचं कारण नाही, पण उतरवलं तर मुख्य स्प्रिंग चिमट्यात धरूनच काढा. दुसऱ्या दिवशी एक कापड पुन्हा फिरवा. तपकिरी निघालं तर सगळं परत.

1865 मध्ये स्प्रिंगफील्डच्याच अर्स्किन ऍलिनने मागून उघडणारं झाकण बसवून उरलेल्या ठासणीच्या बंदुका धातूच्या काडतुसावर नेल्या आणि लष्करापुरता हा प्रश्न मिटला. मागून भरलेली गोळी पहिल्यापासून घट्ट असू शकते.

अस्सल बंदूक घ्यायची असेल तर पैसे देण्याआधी चार गोष्टी पाहा. नळी सुटी करून बाहेरून बोट फिरवा, कुठे कडं लागतं का. या नळ्या लोखंडी पट्टीच्या, सांधून लाटलेल्या आहेत, सांध्याच्या रेषेत चीर दिसली तर बंदूक खाली ठेवा. निपलची बैठक आणि त्याखालचं लोखंड गंजाने खाल्लेलं आहे का ते भिंगाने बघा, कारण सगळा दाब तिथेच येतो. आणि घोडा अर्ध्या खाचेवर ठेवून चाप ओढा. सुटला तर लॉकचं काम आहे, ते जाणकाराकडून करून घेता येतं. पहिल्या तीनपैकी एकही दोष असेल तर ती बंदूक भिंतीवर शोभते, डागायची नाही.